पुतळाच्या वाटणीचे तांदूळ

ठाण्याच्या समाजकल्याण ऑफिसातून खाकी पाकीट आलं की रावसाहेबांना हुरूप यायचा. एरवी उशी सरकवायलासुद्धा "बाई, जरा हात लावा हो" म्हणणारे रावसाहेब पाकीट दिसलं की चष्मा लावून खाटेवर ताठ बसायचे. मुंबईच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी तीस वर्षं परिपत्रकं टाइप केली होती. आता डावी बाजू लुळी पडल्यावर दुसऱ्या कुणी टाइप केलेली परिपत्रकं मोठ्यानं वाचून दाखवणं हे त्यांच्या वाटणीचं काम होतं. दुर्गाबाईच्या घरात प्रत्येकाच्या वाटणीला काही ना काही काम असायचंच. नुसता बसून खाणारा तिथं एकच, घरमालकीण बाळाबाईचा बोका.

शहाण्णव सालच्या जानेवारीत आलेलं पाकीट मात्र त्यांनी आधी मनातल्या मनात वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दुर्गाबाई ओल्या हातांनी दारात उभी होती.

"वाचा की मोठ्यानं," ती म्हणाली.

"पहिली तीन कलमं नेहमीचीच आहेत. वाळूची बादली, डॉक्टरची भेट, खाटेला नावाची चिठ्ठी. कलम चार ऐका. 'संस्थेतील निवासी व्यक्तींकडून कोणत्याही स्वरूपाचे काम करून घेण्यात येऊ नये. तसे आढळल्यास संस्थेची मान्यता रद्द करून निवासींना शासकीय गृहात हलविण्यात येईल.'"

"कोणतंही म्हणजे?"

"कोणतंही म्हणजे कोणतंही, बाई. मी आत्ता हे वाचतोय, तेसुद्धा धरलं तर बेकायदेशीरच."

रावसाहेब हसले, पण दुर्गाबाईला हसू आलं नाही. तिची नजर पडवीकडे गेली. तिथं पुतळा पाय पसरून बसली होती, मांडीवर सूप, सुपात तांदूळ, आणि जगाशी काही देणंघेणं नसल्यासारखी खडे वेचत होती.

आता हे घर कसलं ते सांगायला हवं. बोनकोड्याच्या गावठाणात, जिथं दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं लागतं अशा गल्लीत, बाळाबाईच्या घराच्या तळमजल्यावर तीन खोल्या आणि पडवी. भोवती कोपरखैरण्याचे सेक्टर वाढत चाललेले. नव्या फ्लॅटांत माणसं आली, गॅस आला, टीव्ही आला, पण म्हाताऱ्या बापाची खाट कुठं टाकायची हा प्रश्न काही नकाशात नव्हता. तो प्रश्न दुर्गाबाईच्या दारात येऊन उतरला. ती मूळची महाडकडची. मुंबईच्या हॉस्पिटलात वीस वर्षं वॉर्डातली आया. नवऱ्याला जवळच्या पावणे गावातल्या कारखान्यात काम मिळालं म्हणून इकडं आली, आणि तो वारल्यावर शेजारची एक म्हातारी सांभाळता सांभाळता माणसं नऊ झाली. घराला नाव काय द्यायचं, असं ऑफिसनं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "नाव कशाला, घरच आहे ना."

तिची सांभाळायची रीत सोपी होती. जो राहायला आला त्याला वाटणी द्यायची. कुणी वाटाणे सोलायचे, कुणी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या, एका आंधळ्या आजोबांनी सगळ्यांच्या चपला जोडीनं लावायच्या, आणि ते काम ते हातानं चाचपून इतकं नेमकं करायचे की डोळस माणसानं लाजावं. काम होतंय की नाही याच्याशी दुर्गाबाईला फारसं कर्तव्य नव्हतं. "पाव्हण्याला आपण काम सांगत नाही," ती म्हणायची, "आणि पाव्हणा कधीतरी जातो. ज्याला काम सांगितलं तो घरचा." एवढंच तिचं तत्त्वज्ञान. पण बिघडलेली माणसं त्यानं ताळ्यावर आलेली तिनं पाहिली होती.

सगळ्यांत जास्त पुतळा.

पुतळा चाळिशीची असेल. डोक्यानं पाच-सहा वर्षांची. सातारकडची. आईबाप गेल्यावर भाऊ तिला घेऊन आला, नामा त्याचं नाव, कळंबोलीच्या लोखंडबाजारात माल चढवायचं काम करायचा. चार वर्षांपूर्वी एका सकाळी तो तिला घेऊन दुर्गाबाईच्या दारात उभा राहिला. पुतळाच्या अंगावर नवंकोरं लुगडं, केसांना तेल, हातात गाठोडं. तिला उंबऱ्यावर बसवून तो म्हणाला, "आज काय काम करू नगंस. नुसती बस. म्या आलोच." आणि चहा पिऊन येतो म्हणून गेला तो गेलाच. पुतळा दिवे लागेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही. पाणी सोडून काही तोंडात घेईना, उचलून आत आणली तर पुन्हा जाऊन बसे. तिसऱ्या दिवशी दुर्गाबाईनं, खरं सांगायचं तर दुसरं काही सुचेना म्हणूनच, तिच्या मांडीवर तांदळाचं सूप ठेवलं आणि दटावून म्हणाली, "एवढे निवडून दे. माझा भात खोळंबलाय." पुतळानं सुपाकडे बघितलं, दुर्गाबाईकडे बघितलं, आणि पहिला खडा उचलला. त्या दुपारी ती दोन वाट्या भात जेवली. रात्री स्वतःहून आत येऊन झोपली. नामा कुठं आहे, हे तिनं नंतर कधी विचारलं नाही.

तेव्हापासून तांदूळ पुतळाचे. पुढं पुढं दुकानात साफ केलेला तांदूळ मिळायला लागला, त्यात नावालाही खडा नसायचा. मग दुर्गाबाई अंगणातले चार बारीक खडे गुपचूप सुपात मिसळून द्यायची. पुतळा ते शोधून काढायची, तळहातावर ठेवून दाखवायला आणायची. "आक्का, बघ, चार." दुर्गाबाई म्हणायची, "तू नसतीस तर दात पडले असते गं आमचे." पुतळा हसायची. रोज तोच खेळ, आणि दोघींनाही त्याचा कंटाळा म्हणून आला नाही.

तर असं हे कलम चार. ते काढणारी माणसं वाईट होती असं समजू नका. पुढच्याच आठवड्यात ठाण्याला बैठक झाली, जिल्ह्यातल्या अशा घरांच्या चालकांना नवे नियम समजावून सांगायला. चौदा-पंधरा माणसं, लाकडी बाकं, चहा. नियम सांगायला राजश्री मॅडम, वय तीस-बत्तीस, आवाज मऊ, प्रत्येकाला नावानं ओळखणाऱ्या. त्यांनी सांगितलं की दूर कुठल्याशा जिल्ह्यात एका माणसानं आश्रमातल्या म्हाताऱ्यांना पहाटेपासून पाकिटं चिकटवायला बसवलं होतं, ठेकेदाराच्या मालासाठी. एक आजोबा तिथंच कोसळले. ते ऐकून सगळ्यांनी च्‌ च्‌ केलं. दुर्गाबाईलाही त्या माणसाचा राग आला, चांगला तळपायापासून आला.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "आता कुणाला काही शंका असतील तर मोकळेपणानं विचारा. ही बैठक त्यासाठीच आहे. नंतर अडलं तर हा माझा फोन नंबर."

शंका तर दुर्गाबाईच्या ओठांवर होती. आमच्याकडं एक बाई आहे, ती तांदूळ निवडते, ते काम धरायचं का? एवढंच विचारायचं होतं. पण वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या आयेला एक गोष्ट पक्की शिकवलेली असते. मोठे डॉक्टर राउंडला आले आणि "काय, सगळं ठीक?" म्हणाले, की "हो साहेब" म्हणायचं. जी आया तोंड उघडते तिच्या खाटा आधी तपासल्या जातात. इतरांनी उघडलेली तोंडं आणि त्यानंतर गेलेल्या नोकऱ्या दुर्गाबाईनं डोळ्यांनी पाहिल्या होत्या. ती खाली बघत बसली. बाकीचेही गप्पच होते. कोण जाणे, त्यांच्याही घरी कुणी वाटाणे सोलत असेल.

इथं ती चुकली. एक साधा प्रश्न विचारला असता तर पुढचं रामायण झालं नसतं. पण आपण घरी बसून म्हणायला काय जातं.

तपासणीची तारीख आली, फेब्रुवारीतला एक मंगळवार. दुर्गाबाईचं धाबं दणाणलं. बाकीच्यांचं ठीक होतं, त्यांना नाही म्हणायला निदान कुणी सून, कुणी पुतण्या होता. पुतळाला कुणीच नव्हतं. मान्यता गेली तर पहिली गाडी तिच्यासाठी येणार, आणि त्या शासकीय गृहात शंभर बायकांत पुतळाचे काय हाल होतील ते दुर्गाबाईला नीट ठाऊक होतं. असल्या ठिकाणाहून हॉस्पिटलात आलेल्या बायकांच्या जटा तिनं स्वतःच्या हातांनी कापल्या होत्या. पुतळाला काही झालं तरी तिथं जाऊ द्यायचं नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

मंगळवारी पहाटेपासून तिनं घर डोक्यावर घेतलं. चादरी बदलल्या, वाळूची बादली भरली, खाटांना चिठ्ठ्या लावल्या. चपला लावणाऱ्या आजोबांना हात जोडून खाटेवर बसवलं. सूप उचलून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलं. पुतळाचं नेहमीचं पातळ विटलं होतं, म्हणून ट्रंकेतून बाळाबाईच्या घरच्या लग्नात मिळालेलं कोरं करकरीत पातळ काढलं आणि तिला नेसवलं. केसांना तेल लावून वेणी घातली. पुतळा सुपाच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

"आज काही काम करायचं नाही हां," दुर्गाबाई घाईघाईत म्हणाली. "नुसती बस. मी आलेच."

आणि ती दूध बघायला आत पळाली.

राजश्री मॅडम अकराला आल्या. खोल्या पाहिल्या, डॉक्टरची वही पाहिली, बाथरूममध्ये पकडायला दांडी हवी म्हणाल्या, ती कशी बसवायची तेही कागदावर काढून दाखवलं. वर एकदा हसून म्हणाल्या, "दुर्गाबाई, तुमच्याकडं वासच येत नाही, हे सगळीकडे नसतं." दुर्गाबाईच्या जिवात जीव आला. मग त्या पडवीत आल्या.

पुतळा उंबऱ्यावर बसली होती. नव्या पातळाचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, पायाशी गाठोडं. तेच चार वर्षांपूर्वीचं गाठोडं, तेच फडकं. दुर्गाबाईला ते दिसलं आणि त्या क्षणी तिला सगळं आठवलं. नामाचं लुगडं, तेल, आणि तिनं सकाळी घाईत उच्चारलेले शब्द, जवळजवळ अक्षरशः त्याचे. तोंडात कुणीतरी मारावी तशी ती उभी राहिली.

"काय ताई, कशा आहात?" मॅडम तिच्याशेजारी उकिडव्या बसत म्हणाल्या. "इथं बरं वाटतं ना?"

"म्या जानार हाय," पुतळा म्हणाली.

मॅडमनी वर पाहिलं. "कुठं जाणार? कोण नेणार आहे यांना?"

दुर्गाबाईनं खरं सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं, तांदूळ, खडे, सूप. तेवढ्यात खिडकीशी असलेल्या खाटेवरून रावसाहेबांचा आवाज आला, खणखणीत, जुन्या कचेरीतला.

"भाऊ येतो ना तिचा, मॅडम. कळंबोलीला असतो. येणार आहे तिला न्यायला, चार दिवसांसाठी. म्हणून आवरून बसलीय."

"हो का? छान," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी लिहून घेतलं. "नातेवाईक संपर्कात आहेत, हे फार चांगलं. नाहीतर मला यांची काळजीच होती."

रावसाहेबांनी लबाडी केली ती पुतळाला वाचवायला केली, यात शंका नाही, आणि दुर्गाबाईनं ती चालू दिली तीही त्याचसाठी. पण पडवीत ते ऐकणारी तिसरी एक होती. पुतळानं मान वळवून रावसाहेबांकडे बघितलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. चार वर्षांत तिनं ज्याचं नावही काढलं नव्हतं, तो भाऊ येणार होता. शिकलेला माणूस सांगत होता.

मान्यता मिळाली. जाताना मॅडम म्हणाल्या, "मी मधूनच, न कळवता येऊन जाईन हं," आणि त्यांनी ते प्रेमानं म्हटलं होतं, तरी दुर्गाबाईनं त्या दिवसापासून सूप खिळ्यावरून काढलं नाही. बाकीच्यांनीही हातावर हात ठेवले. घर कसं सरकारी झालं.

पुतळा सकाळी उठायची, गाठोडं घ्यायची आणि उंबऱ्यावर बसायची. ते नवं पातळ ती अंगावेगळं करू देईना. जेवायला हाक मारली की यायची, पण पाटावर अंग आखडून बसायची. एक भाकरी संपायच्या आत "बास, लई झालं" म्हणायची आणि ताटात थोडं ठेवून उठायची. परक्या घरी जेवताना तिच्या आईनं कधीकाळी शिकवलं असेल तसं. पंधरा दिवसांत तिची गालफडं बसली.

"काय गो दुर्गाबाय," बाळाबाई वरून उतरताना थांबून म्हणाली, "ही पोर रोज उंबऱ्यावर बसून हाय, सुकून चाललीय. कोनाची वाट बगते?"

"भावाची."

"तो मेला कवा यायचा हाय? सांग ना तिला खरा काय ता."

सांगितलं होतं. दुर्गाबाईनं तिला जवळ घेऊन दहादा सांगितलं होतं की नामा येणार नाही, तू इथंच राहायचंस. पुतळा ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "त्यांनी सांगितलं न्हवं, येनार म्हनून." आणि खाटेकडे बोट दाखवायची. रावसाहेब भिंतीकडे तोंड करायचे. एकदा त्यांनीही सांगून पाहिलं, "पुतळाबाई, मी खोटं बोललो हो." तिनं ते मनावरच घेतलं नाही. असा माणूस खोटं कशाला बोलेल.

शेवटी दुर्गाबाई उठली आणि दोन बस बदलून कळंबोलीला गेली. लोखंडबाजारातल्या ट्रकांच्या रांगांतून, सळयांच्या ढिगांतून विचारत विचारत दोन तास फिरली. नामा सापडला. केस पिकले होते. तिला ओळखताच त्यानं डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली.

"तासभर ये," दुर्गाबाई म्हणाली. शिव्या द्यायच्या ठरवून आली होती, पण त्या सगळ्या वाटेतच राहिल्या. "तिला नेऊ नकोस, मी नेऊ द्यायची पण नाही. फक्त तोंडानं सांग, इथंच राहा म्हणून. तुझं ऐकेल ती."

नामा बराच वेळ चुंबळ उलगडत, गुंडाळत राहिला. "बाई, म्या आलो तर ती माज्या मागं चालत येईल," तो म्हणाला. "परत एकदा तिला टाकून यायचं? एकदा आलो टाकून, तवापासून नीट झोप न्हाय. दुसऱ्यांदा व्हायचं न्हाय माज्याच्यानं."

त्याचा तिला भयंकर राग आला, आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं याचा त्याहून जास्त. ती वळली तसा तो "थांबा" म्हणून पळत गेला आणि मागच्या झोपडीतून कागदात बांधलेलं काहीतरी घेऊन आला. "बायकूसाठी आनलं हुतं. पुतळाला द्या. भावानं दिलं म्हना."

नवं लुगडं होतं. दुर्गाबाईनं ते घेतलं, घरी आणलं आणि ट्रंकेत अगदी तळाशी, रजयांच्या खाली घातलं. नव्या लुगड्याचा अर्थ पुतळाच्या लेखी काय होता, ते त्या माणसाला कधी कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी ती नाक्यावरच्या पीसीओत गेली आणि तिनं ठाण्याचा नंबर लावायला सांगितला. खोटं सांगितल्याचं कबूल केलं की मान्यता जाईल, मान्यता गेली की गाडी येईल, हे तिला कळत होतं. पण घरात ठेवूनही पुतळा घरात राहिली नव्हती, आणि हे एकटीनं वाहणं तिला आता झेपत नव्हतं. मॅडम फोनवर आल्या तसं तिनं एका दमात सगळं सांगितलं. तांदूळ, खडे, कोरं पातळ, रावसाहेबांचं खोटं, आपलं गप्प बसणं. कळंबोलीचंही सांगितलं.

"दुर्गाबाई," मॅडम म्हणाल्या, "कलम चार तांदूळ निवडणाऱ्या बाईसाठी नव्हतंच हो. ते ठेकेदारांसाठी होतं. मी बैठकीत विचारलं होतं सगळ्यांना, काही शंका आहे का म्हणून."

"विचारलंत मॅडम. तुमी विचारलंत."

"मग बोलला का नाहीत?"

"राउंडला आमी बोलत नाय," दुर्गाबाई म्हणाली.

मॅडमना त्याचा अर्थ कळला की नाही देव जाणे. पण त्यांनी आवाज चढवला नाही. अहवालात मी दुरुस्ती करते म्हणाल्या, तुमचं घर बंद करणार नाही म्हणाल्या, आणि हा घोळ इतरांचाही झाला असणार, तेव्हा लेखी खुलासा काढायला साहेबांकडं टिपण ठेवते म्हणाल्या. तोवर द्या ना तिला तांदूळ, मी सांगते, असंही म्हणाल्या. पण तोंडी सांगण्यावर वॉर्डात कुणी चाललेलं दुर्गाबाईला माहीत नव्हतं. कागद येऊ दे, मग सूप काढू. एकदा सूप तिच्या मांडीवर गेलं की मागच्यासारखीच ती जागेवर येईल, यावर तिचा पक्का विश्वास होता. त्या विश्वासावर तिनं महिना काढला.

खाकी पाकीट गुढीपाडव्यानंतर आलं. रावसाहेबांना या वेळी हुरूप आला नाही. त्यांनी चष्मा लावला आणि हळू आवाजात वाचलं. "'निवासी व्यक्तींनी स्वखुशीने केलेले किरकोळ घरकाम हे त्यांच्या मनःस्वास्थ्यास पोषक असल्याने कलम चारमध्ये धरण्यात येऊ नये.'" वाचून झाल्यावर कागदाची घडी करता करता ते म्हणाले, "जा बाई, द्या तिला. लवकर द्या."

दुर्गाबाईनं खिळ्यावरून सूप काढलं. त्यावर धूळ बसली होती, ती पदरानं पुसली. दोन ओंजळी तांदूळ घातले. मग अंगणात जाऊन बारीक खडे निवडले, पांढरे, सापडायला थोडे अवघड, आणि तांदळात नीट मिसळले. चारच्या जागी आज सहा घातले. खूप दिवसांनी तिला बरं वाटत होतं.

पुतळा उंबऱ्यावर बसली होती. दुर्गाबाई तिच्यासमोर बसली, सूप तिच्या मांडीवर ठेवलं आणि चार वर्षांपूर्वीसारखीच दटावून म्हणाली, "एवढे निवडून दे गं. माझा भात खोळंबलाय."

पुतळानं सुपाकडे बघितलं. तिचा उजवा हात उचलला गेला, तांदळापर्यंत गेला. मग तिनं तो मागं घेतला, सूप दोन्ही हातांनी उचललं आणि अगदी अदबीनं, एक दाणा सांडू न देता, दुर्गाबाईच्या पुढ्यात ठेवलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमच्या घरचं काम हाय त्ये. म्या पाव्हनी."

चार वर्षं ती दुर्गाबाईला 'आक्का, तू' म्हणत आली होती. दुर्गाबाईनं पुन्हा एकदा सूप पुढं सरकवलं, पुन्हा ते मागं आलं. पुतळा ओळखीच्या बाईकडे बघून हसावं तशी हसली, पदर सारखा केला आणि गल्लीच्या तोंडाकडे बघायला लागली.

आत रावसाहेबांनी विचारलं, "घेतलं का हो तिनं?" दुर्गाबाई तिथंच उंबऱ्यावर, पुतळाच्या शेजारी, सूप मांडीवर घेऊन बसली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंही नाही. आपणच मिसळलेले खडे ती एकेक करून वेचायला लागली.